फरशीचा ढाळ

रात्री पावणेतीनच्या सुमाराला माजघरात ‘टक्’ असा आवाज झाला. सुपारी फुटावी तसा, एवढाच. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. पाचेक मिनिटांनी धाकटा अंधारातून ओरडला, “आई, माझं अंथरूण ओलं झालंय!” आठवीतल्या मुलानं असं ओरडावं म्हणजे काहीतरी घोटाळा आहे हे कळलं, पण घोटाळा माशांच्या टाकीचा असेल असं मनात आलं नाही. ह्यांनी दिव्याच्या बटणाकडे न जाता आधी बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. आमच्या घरात त्या रात्री कुणालातरी सुचलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट. पंपाचा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरच पडलेला होता, पाण्यात.

मोबाईलच्या उजेडात बघितलं तर टाकीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून तळाच्या काचेला तिरकी चीर गेलेली. पाणी भळाभळा वाहत नव्हतं. शांतपणे, एका पट्ट्यात, टेबलाखालून निघून, अंथरुणाची कड भिजवून, सरळ मोरीकडे चाललं होतं. कुणी बोट धरून न्यावं तसं. थोडं पाणी मात्र टेबलाच्या मागच्या पायापाशी अडून राहिलेलं, परातीएवढं तळं करून, आणि त्यात एक गप्पी तडफडत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. मोरीकडे जाणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, “त्याला वाट ठाऊक आहे.”

मासे पातेल्यात गेले. आम्ही पहाटेपर्यंत फडकी पिळत बसलो. सासूबाईंच्या त्या वाक्याचा अर्थ मला पुढे सहा महिन्यांनी, मिस्त्री आल्यावर लागला.

आमचं घर सांगलीच्या गावभागातलं. खाली शहाबादी फरशी, वर कडीपाटाची माडी. टाकी होती दोन फुटी, म्हणजे दोन बाय एक बाय एक, पंचावन्न लिटरच्या आसपासची. दिवाळीच्या सुट्टीत आणली आणि ह्यांच्या वडिलांच्या सागवानी टेबलावर ठेवली. भरल्यावर दिसलं की पाणी एका बाजूला काठाशी आलंय आणि दुसऱ्या बाजूला बोटभर खाली आहे. मग घरात नेहमी होतं तेच झालं. टेबल डुगडुगत होतं म्हणून एका पायाखाली वहीच्या पुठ्ठ्याची घडी गेली. ती पुरेना म्हणून टाकीच्या एका कोपऱ्याखालीही पुठ्ठा सारला. भरलेली टाकी जराशी उचलून! आता लिहितानाही अंगावर काटा येतो. पुठ्ठा ओल धरतो, दबतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. तीन आठवडे काचेनं सोसलं, मग नाही सोसलं. दुकानदाराचा यात काही दोष नव्हता. टाकी धड होती.

दोष कुणाचा हे ठरवायला आम्ही फार वेळ घेतला नाही. जुनं घर, पुरात दोनदा भिजलेलं, फरशी वाकडी, झालं. फरशीलाही काही म्हणायचं असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते. ताळेबंदात दोन रुपयांचा फरक आला तरी रात्री उशिरापर्यंत बसून शोधायची सवय. त्यामुळे मे महिन्यात धाकट्यानं पुन्हा मासे मासे सुरू केलं तेव्हा मी म्हटलं, आणू, मोठी आणू, पण आधी फरक कुठला ते कळलं पाहिजे. मोठी म्हणजे तीन बाय दीड बाय दीड फूट. काठोकाठ भरली तर एकशेनव्वद लिटर. वरून इंचभर मोकळी ठेवून पावणेदोनशेच्या घरात. पाणी पावणेदोनशे किलो, आठ मिलिमीटरची काच तेहेतीस-चौतीस किलो, वाळू वीस, स्टँड पंचवीस. अडीच क्विंटल. पेढीच्या भाषेत पन्नास किलोची पाच पोती, एकावर एक, घरातल्या एका जागेवर, कायमची. धाकट्याला ती माडीवर हवी होती, त्याच्या टेबलाशेजारी. कडीपाटावर माणूस चालला तरी कपाटावरचा आरसा हलतो, तिथे ही पाच पोती आणि रोजचे हेलकावे. तो विषय मी तिथेच मिटवला. खाली, माजघरात, जाड भिंतीला लागून.

मिस्त्री आले ते पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, न घेता. पिशवीतून त्यांनी दहा-बारा हात पारदर्शक नळीचं वेटोळं काढलं. धाकटा लगेच मोबाईल पुढे करून म्हणाला, “काका, यात लेव्हलचं ॲप आहे.” मिस्त्रींनी तो मोबाईल उलटा करून त्याचा मागचा उंचवटा बोटानं दाखवला. “ह्यो कॅमेरा वर आलाय बग. टेकवायचं कसं?” पाणसळीवरही त्यांचा तसा राग नव्हता, पण विश्वास ठेवण्याआधी ती उलटसुलट करून बघायची म्हणाले. जागा तीच, फक्त पाणसळ टोकं बदलून ठेवायची. बुडबुडा त्याच बाजूला सरकला तर जमीन कललेली, बुडबुड्यानं बाजू बदलली तर पाणसळच खोटी.

नळीचं काम मी जवळून बघितलं. बादली स्टुलावर ठेवली, पाण्यात निळीचे थेंब टाकले, नळीचं एक टोक बुडवून दुसऱ्या टोकानं ओढलं आणि निळं पाणी सरसरत खाली उतरलं. मग ते नळीवर नखानं टिचक्या मारत बसले. आत मोहरीएवढे दोन बुडबुडे अडकले होते, ते वर सरकेपर्यंत त्यांनी काम पुढे नेलं नाही. मध्ये हवा राहिली की नळी खोटं बोलते. एक टोक धाकट्याच्या हातात, एक त्यांच्या. “अंगठा काढ. दोन्ही तोंडं उघडी पायजेत.” पाणी दोन्हीकडे वरखाली झुललं, झुललं, आणि थांबलं. भिंतीवर दोन खुणा केल्या. बारा फुटांचं अंतर, मध्ये एक खांब, तरी दोन्हीकडचं पाणी एका रेषेत. मग खुणेपासून खाली फरशीपर्यंत टेप धरली. दाराकडे कमी भरलं, मोरीकडे जास्त. फरक दीड इंच.

“बघा,” मी म्हटलं, “वाकडीच आहे.”

“वाकडी न्हाई वहिनी. ढाळ हाय त्यो.” त्यांना बहुतेक हे नेहमी सांगावं लागत असणार, कारण आवाजात चीड नव्हती. “बारा फुटाला दीड इंच. शंभराला एक. ज्यानं बसवली त्यानं हिशेबानं बसवलीया. तुमच्या सासूबाई बादली ओतून फरशी धुतात का न्हाई?”

धुतात. दर रविवारी, शिवाय सणावाराला. बादलीभर पाणी दाराशी ओततात, खराट्यानं रेटतात आणि ते आपोआप मोरीत जातं. इतकी वर्षं बघत होते. त्या रात्री टाकीतलं पाणीही त्याच वाटेनं गेलं होतं. ज्या कामासाठी ती फरशी बसवली होती ते काम ती इमानानं करत होती, आणि आम्ही तिला वाकडी म्हणत होतो.

मग ते परातीएवढं तळं? ते मी त्यांना सांगितलं. मिस्त्री उठले, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि उकिडवे बसून एकेक फरशी वाजवत गेले. टण, टण, टण, आणि मागच्या कोपऱ्यातल्या दोन फरशा: बद्द. सासूबाई हरिपूरच्या माहेरवाशीण. त्या म्हणाल्या, “पेव आहे काय खाली?” आम्ही सगळे हसलो. ज्यांना पेव माहीत नाही त्यांच्यासाठी: हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली कोठारं असायची, तोंड लहान आणि पोट मोठं. वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नसे. २००५च्या पुराचं पाणी शिरलं आणि त्यातली बरीच निकामी झाली. आमच्या कोपऱ्यात पेव नव्हतं, पण जातकुळी तीच. पाणी आठवडाभर घरात उभं राहिलं तेव्हा फरशीखालचा भराव बसला. फरशी मात्र कडेच्या चुन्याला धरून अधांतरी राहिली आणि हळूहळू एका कोपऱ्याकडे दबली. नळीनं मोजलं तर ढाळाच्या हिशेबापेक्षा सहा मिलिमीटर जास्त खाली.

इथे मला माझा दोन रुपयांचा फरक सापडला. एकाच जमिनीत दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि आम्ही दोन्हींना एकच शिवी देत होतो. ढाळ म्हणजे सगळी फरशी एका दिशेला सारखी कललेली. खचणं म्हणजे चारांतला एकच कोपरा खाली गेलेला. नुसत्या ढाळावर टाकी ठेवली तर ती कलते, पण सपाटच राहते. तीन फुटांत नऊ मिलिमीटरचा कल, म्हणजे एका टोकाला पाण्याची खोली त्रेचाळीस सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला त्रेचाळीस पूर्णांक नऊ. दाब खोलीवर चालतो, आणि काचेवरचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या पटीत. तेव्हा खालच्या बाजूच्या काचेवर शेकडा चारच्या आसपास जादा भार. डोळ्यांना खुपेल, पण नीट जोडलेली काच एवढ्यानं सहसा दगा देत नाही. खचलेल्या कोपऱ्यावर ठेवली तर टाकी पिळवटते. ओला पंचा दोन टोकांनी उलटसुलट पिळावा तशी. काच दाब सोसते, पीळ सोसत नाही. आणि सांध्यातलं सिलिकॉन थोडं ताणलं जातं म्हणून चीर लगेच न दिसता तीन आठवड्यांनी रात्री पावणेतीनला दिसते. ढाळ स्टँडच्या पायात जिरवता येतो. पीळ आधी काढावा लागतो.

कंसात सांगायचं तर, समोरच्या काचेवर किती रेटा असतो याचा हिशेब मी मुद्दाम करून बघितला. तीन फूट रुंद काच, त्रेचाळीस सेंटिमीटर पाणी: सुमारे ८५ किलो. आणि गंमत म्हणजे टाकी मागे दीड फूट असो की दीड मैल, आकडा तोच. खोली तेवढीच असेल तर मागे अख्खी कृष्णा उभी असली तरी काचेला त्याचं काही नाही. धाकट्याला हे पटेना. त्याला वाटतं कोयनेच्या भिंतीला मागचा सगळा जलाशय ढकलतो. त्याच्या मास्तरांनी समजावलं तरी तो अजून संशयात आहे.

मिस्त्रींनी भिंतीला लागून असलेलं कपाट सरकवायला सांगितलं, आणि कपाटामागे ती रेघ निघाली. २०१९ची. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणी मोजायची पट्टी ५७ फुटांच्या वर गेली होती. इशाऱ्याची पातळी ४० आणि धोक्याची ४५, एवढं सांगितलं तर बाहेरच्या माणसाला अंदाज येईल. आम्ही नातेवाइकांकडे विश्रामबागेला होतो. परत आल्यावर सगळं घर घासलं, रंगवलं, पण हे कपाट इतकं जड की त्याच्यामागे कुणी गेलं नाही. भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ, माझ्या कमरेच्या जराशी वर, कपाटाच्या रुंदीभर. मला ती बघवेना. मी फडकं आणायला वळले.

“पुसू नका, थांबा,” मिस्त्री म्हणाले. टेप घेऊन रेघेपासून फरशीपर्यंत दाराच्या टोकाला मोजलं, मोरीच्या टोकाला मोजलं. वहीत लिहिलेल्या आकड्याशी ताडलं. “ढाळ तोच, शंभराला एक. नळी बरोबर हाय.”

थांबलेल्या पाण्यानं मारलेली रेघ होती ती. त्याहून सरळ रेघ आमच्या घरात दुसरी कुठलीच नाही. चौकटी नाहीत, तुळया नाहीत, देवळी तर मुळीच नाही. मी फडकं परत ठेवलं.

दोन पोकळ फरशा उचलल्या तेव्हा खाली पंजा सहज जाईल एवढी जागा होती. सैल माती काढली, मुरूम घातला, पाणी मारून ठोकला, वर कोबा केला आणि त्याच फरशा परत बसवल्या. ढाळ तसाच ठेवून. मी म्हटलं होतं की काढल्याच आहेत तर तेवढी जागा सपाट करा. त्यांनी मानच हलवली. एवढाच चौकोन सपाट केला तर रविवारी धुतलेलं पाणी स्टँडखाली अडणार आणि लोखंड गंजणार. आठ दिवस पाणी मारायला सांगून गेले. आठ दिवसांनी नाणं वाजवलं: टण.

स्टँड लोखंडी अँगलचा करून घेतला, चारही पायांना खाली नट वेल्ड करून त्यात जाड बोल्ट, पान्यानं फिरवला की पाय वरखाली होतो. घरी आणून ठेवला तर हा डुगडुगतो! फरशी दुरुस्त, मिस्त्रींची खात्री, आणि हा डुगडुगतो. पण आता मला पाणसळीची युक्ती माहीत होती. स्टँड होता त्याच जागी पाव फेरा फिरवून, काटकोनात ठेवला. हवेत राहणारा पाय खोलीच्या त्याच कोपऱ्यात राहिला असता तर दोष फरशीचा. तसं झालं नाही. हवेतला पाय स्टँडबरोबर फिरून दुसऱ्या कोपऱ्यात गेला. म्हणजे दोष स्टँडचा. बोल्ट फिरवून डुगडुग गेली असती, पण वरची चौकटच पिळलेली असेल तर नुसते पाय टेकवून काय उपयोग? ते बघायला ह्यांनी चौकटीच्या दोन कर्णांवर दोन दोरे ताणले. चौकट सपाट असेल तर दोरे मधोमध एकमेकांना जेमतेम टेकतात. खालचा-वरचा अदलून पुन्हा बघायचं. आमच्या दोऱ्यांमध्ये चार मिलिमीटरची फट होती. वेल्डिंग करताना लोखंड तापतं, निवताना ओढतं, त्यात हे होतं. वेल्डरनं काही वाद न घालता स्टँड परत नेला आणि दोन सांधे तोडून नव्यानं केला.

मग बाकीचं भराभर झालं. प्रत्येक पायाखाली सहा इंचांचा कडप्प्याचा तुकडा, कारण एरवी एका पायावरचा साठ-बासष्ट किलो भार बोल्टच्या डोक्याएवढ्या जागेवर येतो, आणि एक पाय अधांतरी राहिला तर बहुतेक सगळा भार कर्णावरच्या दोन पायांवर. बोल्ट फिरवून लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण जुळवले. वर अठरा मिलिमीटरचा प्लाय, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. थर्माकोल टाकीखाली अंथरायचा तो एखादा खडा, प्लायचा उंचवटा पोटात घ्यायला. थर्माकोल खडे खातो, ढाळ खात नाही. आमच्या पहिल्या टाकीखाली तोही नव्हता. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबती ठेवून मग वर नेली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता खालीच ठिबकतं. आणि मेन बोर्डात तीस मिलिॲम्पिअरचा गळती पकडणारा स्विच बसवला. त्या रात्रीनंतर ह्यांनी तो हट्टच धरला होता.

पाणी एकदम भरलं नाही. आधी चार इंच, आणि मग टाकीलाच पाणसळ केलं: चारही कोपऱ्यांत वरच्या काठापासून पाण्यापर्यंत पट्टीनं मोजायचं. चारही आकडे सारखे. अर्धी भरून रात्रभर ठेवली. सकाळी मोरीकडच्या बाजूला दोन मिलिमीटरचा फरक. स्टँड आणि थर्माकोल दबून बसले होते. धाकटा पाना घेऊन तयार! त्याला हात धरून थांबवलं. भरल्या टाकीखाली बोल्ट फिरवायचा नाही, मग तो एक आटा का असेना. पाणी बादल्यांनी उपसलं, बोल्ट फिरवला, पुन्हा भरलं. पूर्ण भरून आणखी एक दिवस गळतीसाठी. त्यानंतरही मासे लगेच आले नाहीत. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचा, फिल्टरमधले जिवाणू वाढेपर्यंत महिना-दीड महिना कळ काढायची, हे सगळं धाकट्यानं वाचून ठेवलं होतं आणि तो रोज रिकाम्या टाकीसमोर बसून जेवायचा.

आता टाकीत गप्पीच आहेत. भारी मासे आणायला मी तयार नाही. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं हौदात सोडतं तेच, पण शेपट्या रंगीत. पेढीची एक जुनी वही धाकट्याला दिली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तो चार कोपरे मोजून लिहितो. आमची जमीन काळ्या मातीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर तिच्यावर मुकाट हलत राहतं. जूनची नोंद चारही सारखी. ऑगस्टची, दाराकडे एक मिलिमीटर वर. त्याखाली त्यानं स्वतःच्या मनानं आणखी एक रकाना आखला आहे: ‘आयर्विन’. ऑगस्टच्या ओळीत तिथे २९ फूट लिहिलंय. पट्टी ३५ला गेली की काय करायचं ते आम्ही ठरवून ठेवलंय. मासे झाकणाच्या बादलीत, बादली माडीवर, सेलवर चालणारा छोटा पंप बादलीच्या कडीला बांधलेलाच आहे. टाकी अर्धी रिकामी करायची नाही, पूर्ण भरलेलीच ठेवायची. रिकामी टाकी पुराच्या पाण्यावर तरंगते आणि उलटते.

गेल्या रविवारी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे दाराशी बादली ओतली. मी पाय वर घेऊन बसले होते. पाणी फरशीवरून पसरत आलं, कडप्प्याच्या पहिल्या दोन तुकड्यांपाशी दुभंगलं, पलीकडे पुन्हा एक झालं आणि मोरीकडे गेलं. त्यांनी खराटा घेऊन मागच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. तिथे काही अडलं नव्हतं.